हिरवा, पिवळा आणि काहीच नाही

फोपनार गावातल्या घराच्या ओट्यावरून केळीच्या बागेपलीकडची पाण्याच्या मोटारीची खोली दिसत नाही. तिच्या पत्र्यावर बांबूला टांगलेला लाल बल्ब तेवढा दिसतो. बल्ब लागला की लाईट आली, विझला की गेली. सुकलालआबांच्या हयातीत घराचं एवढंच पंचांग होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सांजवेळी मोटार उचलेना म्हणून आबा खोलीत गेले. स्टार्टरच्या पट्ट्या घासायच्या होत्या. मेनचा खटका गंजून घट्ट बसलेला. तो ओढण्यापेक्षा लाईटच गेली आहे का, हे विचारायला त्यांनी घरी फोन लावला. तीन महिन्यांची चिऊ खांद्यावर घेऊन माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीनं, सुलभानं तो उचलला.

"पोरी, बल्ब पाहय बरं."

"विझलाय, आबा."

"बस मग."

लाईट गेली नव्हती. बल्ब उडाला होता. आबा खोलीतून परत आले नाहीत.

त्या फोनबद्दल सुलभा कुणाशीच बोलली नाही. बुरहानपुरात राजघाटाजवळच्या भाड्याच्या खोलीत दुपारी चिऊ झोपली की ती शाळेतून आणलेला छोटा सर्किट बोर्ड काढून बसायची, बल्बाच्या जागी लाईटची खबर देणारं काहीतरी करायला. शाळेत ती विज्ञान शिकवायची. दोनशे तीस व्होल्टची तार बोर्डाजवळ फिरकूही द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. तिनं मोबाईलचे तीन चांगले चार्जर घेतले, तीन फेजना तीन. चार्जरमधून बाहेर येतात ते पाच व्होल्ट. तेही दोन-दोन रेझिस्टरांनी निम्मे करून बोर्डाला दिले. बोर्ड वेगळ्या बॅटरीवर, म्हणजे लाईट गेल्यावरही तो बोलेल. दर मिनिटाला तो मोटारीच्या खोलीतून घरच्या ओट्यावर ठेवायच्या दोन दिव्यांच्या डब्याला बिनतारी निरोप धाडायचा. एका जरी फेजला लाईट असेल तर डब्यावर हिरवा दिवा, तिन्ही गेले तर पिवळा.

आणि निरोपच आला नाही तर? तिथं ती आठवडाभर अडली. चिऊ उठून रडायची, सुलभा तिला उचलून घ्यायची, आणि डोक्यात तेच. शेवटी तिनं दोन्ही दिवे विझवायचं ठरवलं. डब्याला माहीत नसेल तर डब्यानं गप्प बसावं.

प्रभाकर वायरमननं खांबावरून लाईन तोडून चार्जर बसवले, नवा मेनही बसवला. धाकटा भाऊ गोटू हसला. "ताई, इतना झमेला? बल्ब काय वाईट होता?"



दिवाळीनंतर ती माहेरी आली त्याच दिवशी मोटार पुन्हा अडली. गोटू बागेपलीकडच्या खोलीत गेला. सुलभा ओट्यावर, मांडीवर चिऊ, समोर डबा. आई, मथुराबाई, सुपात तूर पाखडत होत्या. फोन वाजला.

"ताई, डबा काय म्हणतो?"

सुलभानं पाहिलं. हिरवा नव्हता, पिवळाही नव्हता.

"बोल ना. दिवा नाही का? मग गेली, सीधी बात."

'विझलाय' हा तोच जुना शब्द तिच्या ओठांवर आला. चिऊनं तिचं मंगळसूत्र ओढलं.

"माहीत नाही, गोटू."

"मंजे?"

"मंजे माहीत नाही. बॅटरी उतरली असेल, काहीही असेल. तू हात लावू नको. आधी मेन ओढ, मग टेस्टर लाव. टेस्टर आधी चालू लाईनवर पाहून घे, पेटतो का ते. नाही जमत तर घरी ये. तुला माझी आण आहे."

 गोटू म्हणाला, "येतो मी घरी. प्रभाकरभाऊला बोलाव."

तिनं प्रभाकरला बोलावून फोन ठेवला. सूप थांबलं होतं.

"त्या दिवशी आबांनी तुलाच विचारलं होतं," मथुराबाई म्हणाल्या.

सुलभानं चिऊला जवळ ओढलं.

"चुलीपाशी होते मी. ऐकलं. बाहेर येऊन मीबी पाह्यलं, विझेलच होता." त्यांनी तुरीतला एक खडा वेचून अंगणात टाकला. "मला विचारलं असतं तर मीबी तेच सांगितलं असतं, माय."

"मग बोललीस का नाही इतके दिवस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहत होते."

केळीच्या पानांतून गोटूचा पांढरा शर्ट येताना दिसला. दोघी तो पूर्ण दिसेपर्यंत बघत राहिल्या. चिऊ डब्याच्या विझलेल्या दिव्यावर बोट दाबत होती, तिला कुणी अडवलं नाही.