पाटाकडची खिडकी

दीपाच्या पिशवीत त्या दिवशी सातच पेले उरले होते. साधे प्लास्टिकचे पेले. फक्त आत तळाला नखाएवढी तांबूस फिल्म चिकटवलेली. नगरच्या कॉलेजात एम.फिल. करणारी ही शेवगावची मुलगी शहाण्णव सालच्या ऑगस्टात राहुरीच्या घराघरांत ते टांगत फिरत होती. जमिनीतून, दगडातून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. पण कोंदट घरात साठत गेला तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसाला बाधतो. पेला तीन महिने टांगला की फिल्मवर त्याच्या बारीक खुणा उमटतात, त्या मोजायच्या. तीस घरं ठरली होती. पाटाकाठचं खाजाभाईंचं घर चोविसावं.

दार त्यांच्या बायकोनं, जहिरानं उघडलं. पेला पाहून ती जरा दचकलीच.

"सरकारी हाय का हे? घर पाडायचं न्हाई ना आमचं?"

"नाही हो भाभी, कॉलेजचं आहे. नुसती हवा मोजायची."

"हवा? ती बी मोजत्यात व्हय!" म्हणत जहिरानं स्टूल पुढे सरकवलं.

खोली एकच. एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, दुसऱ्यात मोरी. पत्र्याच्या पेटीमागची भिंत कमरेइतकी काळी पडलेली, गिलाव्याला पोपडे आलेले. आत पाऊल टाकताच ओल्या गोधडीचा वास नाकात शिरत होता. पाटाकडे एक खिडकी होती, पण तिच्यावर मेणकापड ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकलेले. गेल्या साली धाकट्या हुमेराला मलेरिया झाला, आठ दिवस नगरच्या दवाखान्यात काढावे लागले. तेव्हापासून डासांच्या धास्तीनं ती बंदच होती. सहा वर्षांची हुमेरा पेटीवर बसून खोकत होती. खोकल्याच्या शेवटी शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा.

दीपानं पेला आढ्याला टांगला आणि सगळीकडे सांगायची तेच सांगितलं, "तीन महिने याला हात लावू नका. आणि रोज राहता तसंच राहा, घरात काही बदलू नका."

"न्हाई बदलत," जहिरा म्हणाली.

एसटीत बसल्यावर ती शीळ दीपाच्या कानातून जाईना. सोमवारी तिनं कॉलेजात आपल्या मार्गदर्शकांना, रोहोकले सरांना विचारलं.

"चोविसाव्या घरात ओल फार आहे, सर. लहान मुलगी आजारी आहे. खिडकी उघडायला सांगू का?"

"नोंद करून ठेव. तीन महिन्यांनी काय सांगायचं ते सांग," सर म्हणाले. "मध्येच घर बदललं तर आकडा कुठल्या घराचा म्हणायचा?"

सरांचं काही चुकत नव्हतं. दीपानं वहीत नोंद केली.

महिन्यानं पेले जागेवर आहेत ना, हे बघायला ती पुन्हा राहुरीला गेली. जहिराच्या दारात चपला काढतानाच तिला दाराआड तारेच्या जाळीची नवीकोरी गुंडाळी दिसली. शेजारी रंधा मारलेल्या चार पट्ट्या.

"हे कशाला आणलंय, भाभी?"

"खिडकीला. तुमी येऊन गेला न्हाई का, त्याच्या दुसऱ्याच दिशी आली, ह्यांनी आधीच सांगून ठेवली हुती. मेणकापड काढायचं, जाळी मारायची. डास बी न्हाई आणि वारं बी येतंय."

"मग लावली का नाही?"

जहिरा तिच्याकडे बघतच राहिली. "तुमीच म्हणला हुता ना, काय बदलू नका. हे म्हनले, तीन महिन्यांचा तर सवाल हाय, शिकलेल्या मानसाचं काम बिघडवू नये. मी गोधड्या बी भाईर वाळत टाकल्या न्हाईत, हवा बदलंल म्हून."

आत खाटेवर हुमेरा उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा. दोन्ही बाजूंच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. हे सगळं आपल्या एका वाक्यापायी, हे उमजलं तेव्हा दीपाला तोंड वर करवेना.

"भाभी, पक्कड आहे का घरात?"

खाजाभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे पक्कड होतीच. दीपानं आढ्याचा पेला सोडवून पिशवीत टाकला आणि ओढणी कमरेला खोचून खिळे उपसायला लागली. गंजलेले खिळे, हाताला खरचटलं. "राहू द्या ताई, हे आल्यावर काढत्याल," म्हणता म्हणता जहिराही दुसऱ्या टोकाला भिडली. मेणकापड सुटलं आणि मागचा काळा बुरशीचा थर उजेडात आला. पाटावरचा वारा आत आला तशी हुमेरा खिडकीकडे तोंड करून बसली. लगेच बरी झाली असं काही नाही, खोकतच होती.

संध्याकाळी खाजाभाई आले. त्यांनी जाळी ठोकली आणि दीपाबरोबर घराला फेरी मारली. मोरीचं पाणी भिंतीच्या पायाशीच मुरत होतं.

"च्यायला, ह्याच्यावरनं मी रोज सायकल काढतो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी चर खणून पाणी लांब सोडायचं ठरवून टाकलं. जाताना दीपानं जहिराला बजावलं, पोरीला आता घरच्या काढ्यावर ठेवू नका, उद्याच डॉक्टरला दाखवा.

कॉलेजात हे सांगितल्यावर सर भयंकर चिडले. "मोजमाप म्हणजे पोरखेळ आहे का?" पाच मिनिटं बोलत होते. मग चष्मा पुसत म्हणाले, "तो पेला बाद. नवा टांग, आजपासून तीन महिने धर. तुझा प्रबंध लांबेल."

"लांबू दे, सर."

"आणि ते सूचनांचं वाक्य बदल. आजारी माणूस असेल तर काय करायचं, ते त्यात लिही. मलाही सुचायला हवं होतं."

जानेवारीत दीपा आकडा सांगायला गेली. काळजीचं काही नव्हतं.

"म्हंजे पैल्यापासून वायू नव्हताच?" जहिरानं विचारलं.

"आधीचं मला नाही सांगता येणार, भाभी. तो पेला गेला. त्या महिन्याबद्दल मी तुमची माफी मागते."

"माफी कशाची? तुमी सांगितलं, आमी ऐकलं. तुमाला तरी काय ठावं, आमी इतकं ऐकू म्हून!" जहिरा हसली, पण लगेच गंभीर झाली. डॉक्टरांनी हुमेराला बाळदमा सांगितला होता. औषध चालू होतं. थंडीत त्रास व्हायचा, पण आडवी होऊन झोपत होती.

तेवढ्यात हुमेरा शाळेतून पळत आली आणि दप्तर टाकून उंबऱ्यात धापा टाकत बसली. दोघी बोलायच्या थांबल्या. पोरीचा श्वास सावकाश खाली येईपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग जहिरानं स्टोव्हला पंप मारला.