स्टाफाच्या गुहेतलं विसर्जन

"दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या सह्याद्रीत कमी आहेत का?" असं म्हणून लंडनमधल्या हाउन्सलोचे कमलाकर दरवर्षी बायकोचा विषय उडवून लावत. सुचेताला स्कॉटलंडमधलं स्टाफा बेट बघायचं होतं. लाव्हारस थिजून उभे राहिलेले काळे खांब आणि त्यांच्या पोटातली समुद्राची गुहा. २००६ मध्ये ती वारली आणि त्याच सप्टेंबरात कमलाकर एकटेच तिकडे निघाले. दिवस गणपतीचे होते. एरवी त्यांच्याकडे विसर्जन बादलीत व्हायचं, पण रिकाम्या घरात बादलीपुढे उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून शाडूचा अंगठ्याएवढा बाप्पा त्यांनी डब्यात घालून सोबत घेतला.

बोटीतली माणसं कॅमेरे सरसावून बेटाच्या माथ्यावर चढली. कमलाकर वाटेकडेला बांधलेला दोर धरून गुहेत शिरले. पुटपुटत आरती म्हटली, वाकून बाप्पाला पाण्यात सोडलं आणि सवयीने खच्चून ओरडले, "गणपती बाप्पा!"

आणि थबकले. घरात आरोळी नेहमी त्यांची असे आणि 'मोरया' सुचेताचं. हात पिठात असले, तरी ती स्वयंपाकघरातून म्हणायची.

गुहा घुमली. खांबांवर आपटून त्यांचाच आवाज परत आला, "गणपती बाप्पा!" गुहेलाही तेवढंच येत होतं. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

कमलाकरांनी घसा खाकरला आणि सुचेताच्या वाटचं म्हटलं, "मोरया."