तानबाजींचा पाईप

अण्णाजींच्या हातात पेचकस देऊ नये, हे आनंदाबाईंचं मत लग्नाच्या पहिल्या वर्षी झालं आणि बेचाळीस वर्षांत ते तसूभर हललं नाही. आंजी मोठी गावातल्या लोकांचं मत वेगळं होतं. अण्णाजींनी कुठल्याशा साली गणपतीच्या मंडपात दिव्यांची माळ लावली होती आणि ती चांगली पाच मिनिटं चालली होती. तेवढ्या भांडवलावर हा गृहस्थ जन्मभर विजेतला जाणकार म्हणून मिरवत आला.

घर सासऱ्यांनी, तानबाजींनी बांधलेलं. गल्लीत पहिली वीज तिथेच आली. लाकडी पट्ट्या, कापड गुंडाळलेल्या वायरी, काळी गोल बटनं. ते सगळं तेव्हापासून जसंच्या तसं. अण्णाजींनी त्यात फक्त भर घातली. बैठकीतला पंखा लावायला न्हाणीघरातलं बटन दाबावं लागे, आणि न्हाणीघरातला दिवा लावायला शेजारच्या रूपरावांना हाक मारावी लागे. टेस्टर भिंतीला लावला की पेटे, माठाला लावला की पेटे. एका श्रावणात ओल्या धोतरातल्या अण्णाजींना लावला तर तिथंही पेटला, असं बघणारे शपथेवर सांगतात. जगभर लोक चपला काढून घरात शिरतात. ह्या घरात पाहुणा आत आला की आनंदाबाई त्याच्यापुढे रबरी चपला सरकवत.

"हे सगळं बदलून टाका," असं म्हटलं की अण्णाजी छातीवर हात ठेवत. "बाबाच्या हातची फिटिंग आहे. हात लावणार नाई."

हातसुद्धा लावायची सोय नव्हती, ती गोष्ट वेगळी.

पण आनंदाबाईंचं खरं दुखणं विजेचं नव्हतं, कावळ्याचं होतं. तानबाजी जाऊन तेहतीस वर्षं झाली. दर पितृपक्षात त्यांच्या तिथीला घराच्या टिनाच्या छपराला लागून असलेल्या विटांच्या कठड्यावर पान ठेवायचं: उडदाचे वडे, खीर, कढी, भात. कावळा यायचा, टिनावर बसायचा, मान वाकवून घासाला चोच लावायचा, आणि बोंबलत उडून जायचा. तेहतीस वर्षं! एकदाच, गावात बारा ते चार लोडशेडिंग होतं त्या साली, कावळ्यानं पान चाटून पुसून साफ केलं. तेव्हा अण्णाजींनी गावभर सांगितलं, की केळीचं पान मी स्वतः आणलं होतं. बाकी सर्व सालचा दोष आनंदाबाईंचा. नणंद पौर्णिमाबाई सिंदी रेल्वे गावाहून दरवर्षी येत त्या जेवायला कमी आणि हे बोलायला जास्त.

"बाबाची काहीतरी इच्छा राह्यली वहिनी. सुनेच्या हातून काही कमी झालं का मंग असं होते."

आनंदाबाईंनी वडे बदलून पाहिले, तेल बदललं, खिरीत चारोळी घातली. सासरा आजारी असताना तीन महिने त्याचं हागणंमुतणं काढलेली बाई, आणि तिला कावळा नापास करत होता.

यंदा मुलानं, सचिननं, वर्ध्याहून नवा फ्रीज पाठवला. तिसऱ्या दिवशी फ्रीजनं आनंदाबाईंना असा झटका दिला की उजवा हात दोन दिवस जड पडला. त्यांनी नवऱ्याला न विचारता सिंदीच्या मोहिनी वायरमनला फोन केला. आयटीआय शिकलेली पोरगी, स्वतःची शिडी गाडीला बांधून फिरायची. ती उगवली ती नेमकी तानबाजींच्या तिथीला.

"पितृपक्षात नवं काम काढते काय?" अण्णाजी कडाडले.

"नवं कुठं? जुन्याचीच दुरुस्ती आहे," आनंदाबाई म्हणाल्या. "ये व मोहिनी. पयले ह्या चपला घाल."

मोहिनीनं मेनचं झाकण उघडलं. फ्यूजच्या जागी तारेऐवजी केसांची पिन होती.

"हे कोणं लावलं?"

"मी," अण्णाजी म्हणाले. "तीस वर्षात एकदाही उडाला नाई फ्यूज."

"हा कायले उडते काकाजी? घर जळन, पिन राहीन." मग ती म्हणाली, "अर्थिंग कुठं आहे?"

"अर्थिंगगिर्थिंग कंपनीवाल्यायचे चोचले. फालतू खर्च."

तेवढ्यात बारा वाजले. पान कठड्यावर गेलं. पौर्णिमाबाई पदर सावरून अंगणात उभ्या राहिल्या. कावळा आला, टिनावर बसला, घासात चोच घातली, आणि तेहतीस वर्षांच्या परंपरेला जागून किंचाळत चिंचेवर गेला.

"पाह्य वहिनी. अजूनही बाबा नाराजच आहे."

आनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मोहिनी कावळ्याकडे पाहत होती.

"काकू, तो बसला तवा काही नाई झालं. चोच लावली तवाच उडाला." ती शिडीवर चढली, टिनाला टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला. टिनावर जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा खांब होता, त्याला बुडाशी तांब्याची जाड तार करकचून बांधलेली. ती तार भिंतीवरून उतरून थेट मेनपाशी गेली होती.

"पाय टिनावर, चोच ओल्या भातात, भात ओल्या कठड्यावर. चोचीतून पायात करंट," मोहिनी वरूनच म्हणाली. "काकाजी, हा खांब कुठून आणला?"

अण्णाजी खाकरले.

"मेन बंद कर व," आनंदाबाई म्हणाल्या.

मोहिनीनं खाली येऊन खटका ओढला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला. कावळा चिंचेवरून आला, बसला, वाकला, आणि वडा उचलला. मग दुसरा. मग त्यानं ओरडून सगळं खानदान बोलावलं. सतरा कावळे मोजले रूपरावांनी. संध्याकाळपर्यंत गावात त्यांचे सत्तर झाले होते.

पौर्णिमाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "खिरीत काय टाकलं यंदा?"

"दरवर्षी टाकते तेच," आनंदाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "खांब कुठला आहे?"

अण्णाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "रविवारची सिरियल मुंग्यामुंग्या दिसे. उंच पाईप पायजे होता. परसात बाबानं मीठ-कोळसा टाकून एक पाईप उगाच गाडून ठेवला होता. तो उपटला. तार लांब जोडली."

"म्हणजे सगळ्या घराचं अर्थिंग तुमी टिनावर चढवलं. जमिनीत जायचा करंट टिनात," मोहिनी म्हणाली.

"बाबा काही बोलले नाई तवा?" आनंदाबाईंनी विचारलं. आवाज अगदी हलका होता, आणि बेचाळीस वर्षांत अण्णाजी ह्याच आवाजाला घाबरायला शिकले होते.

"बोलले नं. रोज बोलत. जायच्या दिवशीही म्हणत होते, अण्णा, पाईप जागेवर गाड." अण्णाजींनी धोतराचा सोगा सावरला. "म्हटलं, म्हातारा माणूस, बरळून राह्यला."

पौर्णिमाबाईंनी पदराचं टोक तोंडात घातलं.

"इच्छा ठाऊक होती तुमाले," आनंदाबाई म्हणाल्या. "आन तेहतीस वर्षं वडे मले तळायले लावले."

त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलून अण्णाजींच्या हातात दिली. मोहिनीनं परसात जागा दाखवली आणि आठ फुटांची खूण केली. मीठ नणंदेनं आणलं, न सांगता. दुपारभर सत्तरीचा जाणकार घाम गाळत खड्डा खणत होता, आणि दर फुटाला आनंदाबाई येऊन आत डोकावून "अजून" एवढंच म्हणत होत्या.

टिनावरून उतरवलेला पाईप गाडून झाला. मोहिनीनं वायरी मोजून घेतल्या, नव्या फिटिंगची यादी केली. अण्णाजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "शेवटी बाबाची इच्छा मीच पुरी केली."

आनंदाबाईंनी उत्तर मोहिनीला दिलं.

"तुहा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लेहून ठेवजो व. उद्या माह्या पानाले कावळा नाई शिवला, तर हे लोक भटाले बोलावतीन. तू पयले येजो."