राणीखेतचा संशय

टेलिफोन खात्याने गजानन ढवळे यांची बदली चंदिगडला केली, तेव्हा त्यांनी नकाशा उघडून ते शहर पत्नीस दाखवले आणि मोठ्या उत्साहाने म्हटले, "हे बघ, पार हिमालयाच्या पायथ्याशी!" शशिकलाबाईंनी नकाशाकडे पाहिले, मग उस्मानाबाद कोठे आहे ते विचारले, दोन्हींमधले अंतर वितीने मोजले आणि त्या गप्प झाल्या. तो अबोला चंदिगडास येऊन बिऱ्हाड थाटल्यावरही सुटला नाही.

तेवीस सेक्टरातले सरकारी घर चांगले होते. मागे फरशीचे अंगण, पुढे गुलमोहराचे कोवळे झाड, आणि रस्ते असे सरळ की आखणीची पट्टी ठेवावी. परंतु माणसाला सरळ रस्त्यावरही बोलायला कोणीतरी लागते. शेजारणींची पंजाबी शशिकलाबाईंना कळेना आणि त्यांची हिंदी शेजारणींना कळेना. गजानन सकाळी कामावर निघत तेव्हा त्या ज्या खिडकीशी उभ्या असत, त्याच खिडकीशी संध्याकाळीही दिसत. शेवटी थंडी ऐन भरात असताना एके दिवशी त्या म्हणाल्या,

"अहो, मला गावाकडं पोचवा. तुमची नोकरी तुम्ही करा. मी इथं राहिले तर मुकी होऊन जाईन."

"होळीपर्यंत थांब, मग बघू," एवढेच गजानन म्हणाले. आणि त्या दिवसापासून होळी जवळ येत आहे ही गोष्ट त्यांच्या काळजास टोचू लागली.

अशा मनःस्थितीत ते रोपडच्या बाजूस तारा ओढण्याच्या कामावर गेले असता एका शेतकऱ्याच्या अंगणात त्यांनी एक मौज पाहिली. एक कोंबडी पुढे चालली होती आणि तिच्यामागे बदकाची पिवळी पिल्ले रांगेने डुलत चालली होती. कोंबडीखाली बदकाची अंडी उबवली होती. गजानन हसले, आणि हसता हसता त्यांच्या मनात एक विचार आला. शेतकऱ्याने सहा पिल्ले खोक्यात घालून दिली.

घरी खोके उघडताच शशिकलाबाई म्हणाल्या, "अगं बया! ही कुठनं आणली? ही तर माझ्याच पायात यायला लागली!"

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला होता. गजाननांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या दिवसापासून घराचा रंगच पालटला. खोके व्हरांड्यात आले. घारीची आणि बोक्याची भीती म्हणून पिल्लांना बाहेर मातीत सोडायचे नाही, असा शशिकलाबाईंनी नियम केला. आणि खायला काय, तर आपण खातो तेच! दिवाळीला गावाहून येताना त्यांनी ज्वारीचे एक पोते आगगाडीतून आणले होते. त्या मुलुखात ज्वारी दाण्यासाठी कोणी पिकवत नसे, म्हणून घरातही ती सणासारखी पुरवून वापरली जाई. तीच ज्वारी त्या जात्यावर भरडत, कण्या मऊ शिजवत आणि पिल्लांपुढे ठेवत. स्वतः मात्र गव्हाची पोळी खात.

कुंपणापलीकडे बचन कौर राहत. धिप्पाड देह, मोठा आवाज, आणि परसात जाळीच्या घरात पाळलेल्या चाळीसेक कोंबड्या. अंड्यांवर त्यांचा संसार चाले. पिल्ले बघायला त्या आल्या आणि वाटीतल्या कण्या पाहून कमरेवर हात ठेवून हसल्या.

"शशी! ये तो चरी का दाना है! हमारी भैंसें खाती हैं!"

शशिकलाबाईंना त्यातले 'भैंस' एवढे कळले. "तुमारा भैंस का नशीब अच्छा है," त्या ताडकन म्हणाल्या. बचन कौर आणखीच हसल्या, आणि दोघींची मैत्री झाली. गजाननांना मात्र ते हसणे लागले. कचेरीतही त्यांच्या डब्यातली भाकरी पाहून कोणीसे म्हणाले होते, "ढवळे जी, चारा लाए हो?" त्या दिवसापासून त्यांनी डब्यात भाकरी नेणे सोडले होते आणि ज्वारीचे नावही बाहेर काढले नव्हते.

पिल्ले वाढू लागली, आणि मग एकाएकी काहीतरी बिघडले. प्रथम एक पिल्लू चालता चालता बसू लागले. मग दुसरे. पायाचा मधला सांधा सुजला, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले, पिसे खरबरीत झाली. वाटीकडे जायचे तर ती पंख फरशीवर टेकून सरपटत जात. शशिकलाबाई कोमट तेल लावत, चिंध्यांची गादी करत, मांडीवर घेऊन बसत. एके सकाळी सहांतले एक पिल्लू पाण्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावर मरून पडलेले आढळले.

ती बातमी कुंपणापलीकडे गेली. बचन कौर आल्या त्या हसत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्यांनी पिल्लांकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"राणीखेत," त्यांनी हलक्या आवाजात कोंबड्यांच्या साथीच्या रोगाचे नाव घेतले. "टांगें ऐसे ही जाती हैं. मेरी सारी मुर्गियां एक बार इसी में गई थीं, ढवळे जी. एक नहीं बची."

"पण ही तर बदकं..."

"बीमारी नाम पूछ के नहीं आती! मैं हाथ जोड़ती हूं. डॉक्टर को दिखाओ. डॉक्टर कहे राणीखेत है, तो आज ही इनको खत्म करो. मेरे बच्चे इन्हीं अंडों पर पलते हैं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, त्यामुळे गजाननांना रागही करता येईना. शशिकलाबाई खोके पोटाशी धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ही गेली तर मीपण जाते. मग होळीचीसुद्धा वाट बघायची नाही."

गजाननांनी सायकलच्या मागे टोपली बांधली, वर ओले फडके टाकले, आणि ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तेथील डॉक्टर सैनी शांत स्वभावाचे गृहस्थ होते. शेजारच्या कोंबड्यांची हकीकत ऐकून घेत त्यांनी एकेक पिल्लू तळहातावर घेऊन पाहिले. डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली, शेपटीखाली विष्ठा पाहिली.

"आंखें साफ हैं. बीट भी ठीक है. खाते हैं?"

"भरपूर खाते हैं, जी."

"हूं. क्या खिलाते हो?"

त्या क्षणी गजाननांच्या मागे बाकावर एक म्हैसवाला आणि दोन कुत्रेवाले बसले होते. ज्वारी हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तेथेच अडला. सगळे हसतील, या एका भीतीने त्यांची जीभ वाकडी झाली.

"गेहूं का दलिया, जी," ते म्हणाले. "और चोकर," त्यांनी कोंडाही जोडून दिला.

"बाहर मिट्टी में घूमते हैं?"

एक खोटे बोलले की दुसरे त्याच्या पाठोपाठ सोपे होऊन येते. "हां जी. घास में, कीड़े-वीड़े सब खाते हैं."

डॉक्टरांनी पिल्लू टोपलीत ठेवले आणि कपाळास आठी घातली. "खुराक में तो कमी नहीं दिखती. फिर टांगें क्यों जा रही हैं?" मग ते हात धुऊ लागले. "पड़ोस में मुर्गियां हैं, कहते हो. मैं पक्का नहीं कह सकता कि राणीखेत है, पर नहीं है यह भी नहीं कह सकता. पड़ोसी का नुकसान मत कराओ. इन्हें हटा देना ही ठीक रहेगा."

परतीच्या वाटेवर गजाननांनी सायकल हातात धरून चालवली. टोपलीतून पिल्लांचा बारीक आवाज येत होता. पाहिजे ते मागून खाणाऱ्या, डोळे चमकदार असलेल्या जिवांना मारायचे कसे, हे त्यांना कळेना. आणि घरी जाऊन सांगायचे कसे, हे तर मुळीच कळेना.

घरी अंगणातच दोघी वाट पाहत होत्या. गजाननांनी खाली मान घालून सगळे सांगितले. शशिकलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "डॉक्टरनं काय काय विचारलं?"

"हेच. खातात का, काय खातात, बाहेर फिरतात का."

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं... गव्हाचा दलिया खातात म्हणून. गवतात हिंडतात म्हणून."

शशिकलाबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की गजाननांना फरशीत शिरावेसे वाटले.

"गहू? कुणी घातला गहू? मी रोज जात्यावर बसते ती काय गव्हासाठी? आणि गवत? ह्यांनी जन्मात गवत बघितलं नाही, मीच बघू दिलं नाही! अहो, रोग काय ते शोधायला गेलता की आपली अब्रू झाकायला?"

"लोक हसतात, शशे."

"हसू देत की! हसल्यानं कुणी मरत नाही. ही मरायला लागलीत." त्यांनी पदर खोचला. "उचला टोपली. चला. मी सांगते डॉक्टरला."

बचन कौर यांना मराठी कळली नव्हती, पण ढवळे जी काहीतरी खोटे बोलून आले आहेत, हे त्यांनी ओळखले. "मैं भी चलूंगी. अपने कान से सुनूंगी," त्या म्हणाल्या. अशी ती तिघांची स्वारी निघाली: पुढे सायकल ओढणारे गजानन, मागे दोन बायका. घरातून बाहेर न पडणाऱ्या आपल्या पत्नीच्या चपलांचा आवाज मागून ऐकताना गजानन लाजेने चूर झाले होते. तरीही त्या आवाजाने त्यांना धीर येत होता.

दवाखाना बंद होण्याच्या बेतात होता. डॉक्टर सैनींनी टोपली पुन्हा पाहून भुवया उंचावल्या. गजानन काही बोलण्याच्या आधी शशिकलाबाई पुढे झाल्या.

"डॉक्टरजी, ये आदमी झूठ बोल्या. गेहूं नहीं. ज्वारी! सिर्फ ज्वारी. सुबे ज्वारी, शाम ज्वारी. बाहर बिलकुल नहीं छोड्या. घर में, फरशी पे."

"सिर्फ ज्वार?" डॉक्टर ताठ बसले. "और कुछ नहीं? हरा पत्ता? कीड़ा? चोकर?"

"कुछ नहीं. अच्छा ज्वारी, हमारे गांव का," शशिकलाबाई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टरांनी पिल्लाचा सुजलेला सांधा पुन्हा बोटांनी चाचपला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची आठी विरघळत गेली. ते मोठ्याने हसले. पण ते हसणे ज्वारीला नव्हते, हे गजाननांनाही कळले.

"अरे भाई, ये राणीखेत नहीं है! ये तो भूख है. पेट भरा है और टांगें भूखी हैं." मग त्यांनी तिघांना समजावून सांगितले. बदकाच्या पिल्लाला नियासिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा पुष्कळ जास्त लागते. मक्यावर किंवा ज्वारीवरच वाढवले तर ते पुरे पडत नाही, आणि पहिले पाय जातात. चिखलात हिंडणारे पिल्लू किडे आणि हिरवा पाला खाऊन ती कमतरता स्वतःच भरून काढते. फरशीवरच्या पिल्लाला तो मार्ग नसतो. राणीखेतमध्ये जनावर मलूल होते, धाप लागते, हिरवट पातळ हगवण होते, खाणे सुटते. ही पिल्ले तर टोपलीतूनही अन्न मागत होती. "और जो मर गया, वो बेचारा पानी तक पहुंच नहीं पाया होगा."

शशिकलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आपका कसूर नहीं, बहनजी. आपने तो अपने से अच्छा खिलाया," डॉक्टर म्हणाले. मग गजाननांकडे पाहून, "कसूर इनका है, पर ये भी सुधर जाएंगे."

"मेरी मुर्गियां?" बचन कौर यांनी श्वास रोखून विचारले.

"इससे किसी को नहीं लगेगा. बेफिकर रहो. पर टीके की सुई लगवा लेना, वो तो वैसे भी जरूरी है."

बचन कौर यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की बाकाखाली झोपलेले एक कुत्रे उठून उभे राहिले.

उपचार साधा होता. निकोटिनिक ॲसिडच्या गोळ्या कुटून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, रोज ताज्या पिण्याच्या पाण्यात घालायच्या. खाण्यात यीस्टची पूड, गव्हाचा कोंडा, चिरलेला पालक. पाण्याचे भांडे अगदी तोंडाशी. खाली गुळगुळीत फरशी नको, गवताचा पेंढा हवा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. आणि सूज उतरली की ओल्या मातीत मोकळे सोडायचे.

पालक बचन कौर यांच्या वाफ्यातून आला आणि पेंढाही त्यांनीच कुंपणावरून टाकला. पहिल्या दिवशी काही फरक दिसला नाही, आणि गजाननांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. नंतर मात्र सर्वांत धीट पिल्लाने पंख न टेकता दोन पावले टाकली आणि ते बसले. पुन्हा उठले. त्या वेळी शशिकलाबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या, कुंपणापलीकडून बचन कौर ओरडल्या, "चल पड़ा, ओए, चल पड़ा!" आणि गजाननांनी कामावर जाण्याचा विचारच त्या दिवशी सोडून दिला.

हळूहळू चार पिल्ले सरळ चालू लागली. पाचव्याचा एक पाय वाकडाच राहिला. उपचार त्याच्यापर्यंत जरा उशिराने पोहोचला होता. पण ते लंगडत का होईना सर्वांच्या पुढे असे. नळाजवळची माती ओली करून त्यांना सोडले, तेव्हा त्याच लंगड्याने पहिले गांडूळ ओढून काढले. शशिकलाबाईंनी "शी!" म्हणून तोंड फिरवले, आणि बोटांच्या फटीतून पाहिले.

होळीचा रंग अजून बचन कौर यांच्या भिंतीवरून पुरता उतरला नव्हता, तेव्हा एका रविवारी गजाननांनी धीर करून विषय काढला.

"शशे, तू म्हणाली होतीस... गावाकडं..."

शशिकलाबाई पिशवी झटकत होत्या. डोक्यावरून पदर नव्हता, पायात चपला होत्या. दारात बचन कौर उभ्या होत्या.

"आता कोंडा संपलाय, आणि यीस्टपण. आम्ही दोघी बावीस सेक्टरला चाललो," त्या म्हणाल्या. "तिथला दुकानदार बाई बघून जास्त भाव सांगतो म्हणे. बघते कसा सांगतो ते. तुम्ही पिल्लांजवळ बसा. घार आली तर टाळ्या वाजवा."

"आणि गावाकडं?"

"जाऊ की दिवाळीला. ह्यांना कुणीतरी बघायला ठेवून," असे म्हणून त्या फाटकाबाहेर पडल्याही. रस्त्याने दोघींचे बोलणे दूरपर्यंत ऐकू येत होते. एकीची हिंदी अर्धी मराठी, दुसरीची अर्धी पंजाबी, आणि मधूनच दोघींचे हसणे.

गजानन पायरीवर बसून राहिले. कित्येक महिने छातीवर ठेवलेले ओझे कोणी न सांगता उचलून नेले आहे, असे त्यांना वाटले. मग पिल्लांनी भांड्यातले पाणी गढूळ केलेले त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते ओतून दिले, गोळी कुटून घेतली, आणि ताजे पाणी आणायला ते नळाकडे गेले.