जाळीमागचा आवाज

टेकडीवरचा मठ नेमका त्या चढावरच का, असं कोणी विचारलं की आता तिथं राहणाऱ्या दोघी जावांतली धाकटी सांगायची, "पहिल्या मदरचं खेचर तिथं बसलं ते उठेचना. मग काय, देवाची मर्जी म्हणून भिंती उभ्या केल्या!" मठात मौनाचा नियम कडक. दूध-पीठ भिंतीतल्या फिरत्या कपाटातून आत यायचं; आणणाऱ्याला ननचं नखही दिसू नये. चर्चमध्येसुद्धा त्या माळ्यावर, लाकडी जाळीमागे गायच्या. आवाज देवाला, तोंड कोणालाच नाही.

पुढे एकेक करून नन गेल्या, मठाची घरं झाली, आणि त्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना दोघे भाऊ राहायला आले. मौन त्यांच्या बायकांनी चालू ठेवलं! कपड्यांच्या दोरीवरून भांडण झालं आणि तेव्हापासून जावाजावांत चकार शब्द नाही. इस्त्री हवी तर कपाट फिरवायचं. टोमणा मारायचा तर मांजराला.

"मने, काहींना घेतलेली वस्तू परत द्यायला हात नसतात गं!"

"मने, काहींना तोंडच फार!"

चर्च मात्र नांदतं होतं. फादर प्रवचन गाऊन सांगायचे. दगडालाही पाझर फुटावा असा गळा. जाळीमागून पालुपद धरायची थोरली. माळ्याची किल्ली तिच्याच कमरेला. लग्न होऊन आल्यापासून धाकटीचं देवाकडे एकच मागणं, एकदा तरी मला तिथं गाऊ दे. पण जावेकडे मागायचं? छे!

एका रविवारी सकाळी कपाट कुरकुरलं. आत किल्ली. पलीकडे नुसतं खरखरणं. थोरलीचा घसा पार बसला होता. धाकटीने किल्लीशेजारी मिठाचं कोमट पाणी ठेवून कपाट परत फिरवलं. थोड्या वेळाने पेला रिकामा आला, किल्ली तशीच.

"मने, मी काय हिची नोकर आहे?" धाकटी म्हणाली, आणि केस विंचरायला धावली.

गायली मात्र अशी, की फादरांना प्रवचन आवरवेना.

थोरली माळ्याच्या जिन्याखाली बसून ऐकत होती. सवयीने तीच आधी बाहेर पडली आणि बायकांनी तिला गराडा घातला. "अगं, काय गळा लागला होता आज तुझा!"

थोरलीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"बघा, गर्व म्हणून नाही!" बायका एकमेकींना म्हणाल्या.

दाराआड धाकटीचं तोंड एवढंसं झालं. गाणं आपलं, नाव हिचं! थोरली काही सांगू गेली, तर नुसती वाफ. शेवटी ती वळली, धाकटीचं मनगट धरून तिला ओढत सगळ्यांपुढे उभं केलं, आणि बोट आपल्या घशावरून तिच्या गळ्याकडे नेलं. मग होता नव्हता तेवढा जोर लावून थोरली पुटपुटली, "दुसऱ्या पालुपदाला... घाई केलीस."

"घाई? खाली तुम्ही खोकत होतात, जाऊबाई! ताल सापडायचा कसा?"

"खोकत नव्हते. तालच देत होते."

"मग पुढच्या रविवारी वर येऊन द्या!"

"येणारच. तुझ्या भरवशावर देवाला सोडते की काय!"