बुलबुलाच्या वाट्याचं सफरचंद

थंडी ओसरायला लागली होती आणि सासरे दिवसेंदिवस वाळत चालले होते. सदरा खांद्यावरून घसरायचा. डॉक्टरांनी पोटाच्या तपासण्या सांगितल्या. त्या रोगाचं नाव घरात कोणी घेत नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला तर काही कळेचना. रोज सकाळी मी सफरचंद सोलून, फोडी करून त्यांच्या खोलीत नेत होते आणि बशी लख्ख होऊन परत येत होती. खाल्लेलं जात होतं कुठे?

ते मागच्या अंगणात कळलं. झाडांवर औषधालाही फळ उरलं नव्हतं, तरी बुलबुल आणि साळुंक्या टुणटुणीत. मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात एक बुलबुल डोक्यावरून गेला. चोचीत सफरचंदाचा तुकडा, तोही सोललेला. वर पाहिलं, तर सासऱ्यांच्या खिडकीत पंगत बसलेली.

मी तरातरा वर गेले.

"बाबा, हे काय चाललंय? आमचा जीव इथे टांगणीला लागलाय!"

"या दिवसांत पाखरांना काही मिळत नाही गं."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी तोंडातली कवळी काढून टेबलावर ठेवली. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या, तशी ही स्वतःचीही. आता हिरड्या झिजल्या होत्या, चावलं की ती टोचायची. जेवणाचं ताटही हल्ली खोलीतच मागत, ते यासाठी.

"मग नवी करा."

"हात थरथरतो."

"दुसऱ्याकडून करून घ्या."

"दुसरा म्हणजे बाजारातला तो. माझ्याच हाताखाली शिकला. त्याच्यापुढे तोंड उघडू? नाक कापलं जाईल माझं."

नाकासाठी उपाशी मरायला निघालेला माणूस! माझं डोकंच फिरलं. कवळी रुमालात बांधली आणि थेट बाजार गाठला.

शिष्याने ती उलटसुलट करून पाहिली. "मास्तरांचं काम आहे, मी हात लावणार नाही." माझा चेहरा पडला. "नव्याचं माप मात्र घरी येऊन घेतो. शिव्या दिल्या तरी चालतील."

शिव्या भरपूर मिळाल्या. मेण जास्त तापलं, हात घाईचा आहे, एक ना दोन. बाबा आ वासूनही बोलायचे थांबेनात. शिष्य "होय मास्तर" म्हणत राहिला. तपासण्याही मी करूनच घेतल्या. काही निघालं नाही.

नवी कवळी आली त्या सकाळी मी बशी ठेवली आणि समोरच बसून राहिले. विश्वास उडाला होता ना! पहिली फोड कुर्रकन मोडली. ते डोळे मिटून चावत राहिले. मला रडू आलं, मी पदराने डोळे पुसले.

बुलबुल खिडकीत येऊन नाचत होता. बाबांनी दुसरी फोड उचलली, त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्याच तोंडात टाकली.

"उद्यापासून दोन सफरचंदं काप," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "हे माझं आहे."