रानदवणा कोवळा असेपर्यंत

आमच्या घरात जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचा मान मोठा. लग्न होऊन यॉंगचॉनला आले तेव्हा पहिल्या महिन्यातच हे माझ्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता. तरी मी धाकटी सून. धाकट्या सुनेने श्राद्धाच्या दिवशी सकाळी जायचं, धिरडी तळायची, उष्टी भांडी घासायची, नवऱ्याला आणि भावजींना मनातल्या मनात शिव्या घालायच्या आणि आपल्या घरी यायचं. थोरलीला ती सोय नाही. पितर मुक्कामाला येतात ते थोरलीच्याच घरी.

थोरली म्हणजे माझी जाऊ, बोंग-इम. समुद्राकाठच्या थोंगयॉंग शहरातली मुलगी, आमच्या या द्राक्षांच्या गावात येऊन पडली. इथे मासा म्हणजे श्राद्धाच्या पाटावर मांडायची खारवलेली मुशी, बाकी सगळी मातीच माती. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी मात्र त्यांच्या वाटची सगळी तक्रार करून घेतली.

आमच्या सासऱ्यांच्या घराण्यात लोकांनी मरायलासुद्धा एकच मोसम निवडला. आजेसासरे, आजेसासूबाई आणि सासरे, तिघांच्याही तिथ्या चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात. तिसरं श्राद्ध आटोपलं की थडग्यांवर माती घालायचा सण येतो आणि तो गेला की द्राक्षांचे मांडव हात धरून बसवतात. त्या दिवसांत थोरल्या सुनेने घर सोडून माहेरी जायचं, हे सासूबाईंसमोर कुणी उच्चारलंही नसतं. बोंग-इम माहेरी जायच्या त्या शरदात, पौर्णिमेचा सण झाल्यावर, दोन रात्रींसाठी.

आणि थोंगयॉंगला खरं जायचं असतं ते वसंताच्या तोंडाशी. तेव्हा तिथे उताराउतारांवर रानदवणा उगवतो आणि दोदारी नावाचा चपटा मासा काठाशी येतो. दोन्ही मिळून पातळ रस्सा करतात. चेरी फुलली की रानदवणा जून होतो, मग त्या रश्श्यात राम राहत नाही. बोंग-इमची आई कालवं सोलायच्या शेडमध्ये आयुष्यभर राबलेली बाई, पण दर वर्षी तेवढ्या दिवसांत सुट्टी घेऊन रानदवणा खुडायला जायची आणि संध्याकाळी लेकीला फोन करायची. उगवलाय म्हणायची, यंदा पाऊस बरा झालाय म्हणून पाला छान आहे म्हणायची. ये, असं तिने एकदाही म्हटलं नाही. थोरल्या सुनेच्या आईने तसं म्हणायचं नसतं. जाऊबाई इकडे मुगाची धिरडी उलथता उलथता हं हं करायच्या.

सासूबाई एका पावसाळ्यात गेल्या, आणि काही वर्षांनी गावात घरोघरी श्राद्धं एकत्र करायची टूम निघाली. सगळ्या पितरांचं मिळून एकच, वर्षातून एकदा. भावजी आधी ऐकेनात. आमचे भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान ग्यू-तॅक, गावच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, यात बोटभर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपायचं नाही. शेवटी त्यांच्या गुडघ्यांनीच निकाल दिला. साष्टांग वाकायला जमेना, उल्सानला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकाला मधल्या वारी रजा मिळेना. नव्या वर्षाला सगळे जमलो होतो तेव्हा त्यांनी जाहीर केलं की यापुढे श्राद्ध एकच, दहाव्या महिन्यात.

जाऊबाई सूपासाठी अंड्याच्या पोळीचे काप करत होत्या. सुरी थांबली.

"म्हणजे वसंतात काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वसंतापासून नाही," भावजी म्हणाले.

"पुढच्या का? या का नाही?" हे मी विचारलं. जाऊबाई विचारणाऱ्यातल्या नव्हत्या.

भावजींनी मला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. ज्याचं श्राद्ध, त्याला त्याच्याच तिथीला समोर बसवून सांगावं लागतं, की पुढल्या वर्षापासून आपण अमक्या दिवशी यावं. न सांगता तिथी बदलली, तर ते बिचारे नेहमीच्या दिवशी येतील आणि दार बंद बघून माघारी जातील. म्हणून या वसंतात तिन्ही श्राद्धं शेवटची, रीतसर.

"आजच सांगून टाका की," मी म्हणाले. "नव्या वर्षाच्या पूजेला सगळेच पितर आलेत ना जेवायला? एकदाच ओरडून सांगा."

"ज्याचं त्याला सांगायचं असतं, मिन्सॉकची आई." माझ्या लेकाच्या नावानेच ते मला हाक मारतात.

"आणि थोंगयॉंगच्या आईंना कोण सांगणार? त्या किती वर्षं वाट बघतायत."

"एका वर्षाने काय होतंय? चांगल्या ठणठणीत आहेत त्या."

हे खरं होतं. म्हातारी नव्वदीच्या घरात होती, पण फोनवर मलाही ओळखायची, माझ्या मांडवाला कीड लागली होती तेही विचारायची. माझ्या नवऱ्याने मला डोळ्यांनी दटावलं. मेलेल्यांना दार बंद दिसू नये म्हणून माणूस एवढा जपतो, आणि जित्या माणसाला तसंच उंबऱ्यावर बसवून ठेवतो, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. स्वयंपाकघरात मी भांडी आपटायला लागले तशी जाऊबाईच हसल्या. "जाऊ दे गं. इतकी वर्षं गेली, त्यात हे एक."

त्या वसंतात तिन्ही श्राद्धं झाली. दर वेळी भावजींनी तिथी बदलल्याचा जुन्या भाषेतला मजकूर हातात धरून खणखणीत वाचला. म्हातारीचा फोन आला. आता पुढच्या वर्षी मीच येते खुडायला, असं जाऊबाईंनी तिला सांगितलं, आणि म्हातारीने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग सुरू झाली तयारी. एवढी तयारी लोक मुलीच्या लग्नाची करत नाहीत. भावजींना मनातून थोडं लागलं असावं, कारण त्यांनी ती मोहीमच अंगावर घेतली. बस कुठली, देगूला गाडी बदलायची की नाही, चेरीच्या गर्दीआधी किती दिवस जायचं, सगळं ते भर उन्हाळ्यात ठरवत बसायचे. त्यांना समुद्र दिसणारी खोली घ्यायची होती. जाऊबाई म्हणत, मी आईशेजारी जमिनीवरच झोपणार, तुम्ही आणि समुद्र बसा एकमेकांकडे बघत. माझंही जायचं ठरलं, कारण जाऊबाईंना बस लागते आणि भावजींना अशा वेळी नुसतं अवघडून बसता येतं. माझा नवरा मांडवापाशी राहणार होता. न्यायचं काय, यावर तर रोज वाद. भावजी म्हणाले खारवलेली मुशी न्यावी. समुद्राकाठी मासे न्यायचे म्हणजे विहिरीत पाण्याची घागर ओतायची, असं मी म्हटलं, तर म्हणाले आमच्या मुशीची चव तिकडे नाही. जाऊबाईंनी जांभळं जाकीट घेतलं आणि पुन्हा बदलून आणलं, कारण आईला भडक आवडतं की फिकं हे त्यांना आठवेना. मी त्यांना चिडवलं, नवरी होऊन आलात तेव्हाही एवढं नटला नसाल. त्या म्हणाल्या, तेव्हा कुणी विचारलं होतं?

त्या शरदात मात्र त्या माहेरी गेल्या नाहीत. दहाव्या महिन्यातलं पहिलं एकत्र श्राद्ध तोंडावर होतं, भावजींचा जीव सगळा त्यात, आणि वसंतात तर जायचंच होतं. दोनदा कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं.

हिवाळ्यात त्यांच्या भावाचा, जोंग-बेचा फोन आला. आई अधूनमधून विसरते म्हणाला, पण वयच झालं, काळजीचं काही नाही. आमच्याकडे लांबच्या माणसाला नेहमी एवढंच सांगतात, आणि लांबचं माणूसही एवढंच ऐकून घेतं. मग त्याने फोन आईकडे दिला. जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या, "आई, मी येतेय, रानदवण्याला." म्हातारी म्हणाली, हो हो, श्राद्धं आटोपली की ये. जाऊबाईंनी आम्हाला हसत हसत सांगितलं, की बाईला अजून खरंच वाटत नाही बघा. आम्हीही हसलो.

निघालो त्या दिवशी आमच्याकडे अजून थंडी होती. बसमध्ये जाऊबाईंना उलटी झाली नाही. सगळा रस्ता त्या खिडकीला लागून बसल्या होत्या, आणि पहिला समुद्र दिसला तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

जोंग-बेचं घर सॉहोच्या बाजारामागे, चढावर. त्याच्या बायकोने सकाळीच जाऊन मासे आणले होते. रश्श्याचा वास गल्लीपर्यंत आला होता, हिरवा, थोडा कडवट. म्हातारी आत खालून ऊब दिलेल्या जमिनीवर गोधडी पायांवर घेऊन बसली होती. अंगाने लहान झाली होती, पण केस नीट विंचरलेले, डोळे स्वच्छ. भावजी गुडघे विसरून खाली वाकले. जाऊबाई दारातच उभ्या राहिल्या, जांभळं जाकीट घालून.

म्हातारीने दोघांकडे अगदी अगत्याने पाहिलं.

"या, बसा. लांबून आलात वाटतं," ती म्हणाली.

जोंग-बे तिच्या कानाशी वाकला. "आई, ताई आलीये. यॉंगचॉनची ताई."

म्हातारी हसली. "मला वेड्यात काढू नकोस. या दिवसांत माझी लेक कशी येईल? तिच्याकडे श्राद्धं असतात. मोठ्या घरची थोरली सून आहे ती."

हे तिने आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, मान ताठ करून सांगितलं. जाऊबाई पुढे आल्या, आईचे हात हातात घेतले, आई, मीच आहे, म्हणाल्या. म्हातारीने हात सोडवून घेतले नाहीत. उलट थोपटले, परक्या बाईच्या दुःखात थोपटतात तसे.

तेव्हा भावजी बोलले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "आई, मी तुमचा जावई. श्राद्धं आता शरदात नेली. म्हणून हिला घेऊन आलो."

म्हातारी जराशी रागावली. "कुणाच्याही नावावर काही सांगू नये. माझा जावई तसला नाही. तो एक श्राद्ध चुकवायचा नाही." मग आपल्या सुनेकडे वळून म्हणाली, या पाहुण्यांना वाढ आधी, लांबून आलेत.

भावजी गुडघ्यांवरच बसून राहिले. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही, मीही नाही. वर्षभर साठवलेलं सगळं त्यांना सुनावायची ती वेळ होती. पण त्यांच्याकडे बघून मला रडूच आलं.

रस्सा आला. जाऊबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. म्हातारी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. पाला कोवळा आहे ना, तिने विचारलं. फार कोवळा आहे, जाऊबाई म्हणाल्या.

"खा, पोटभर खा. माझी लेक तुमच्याच वयाची. तिला कधी हे मिळत नाही."

जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता त्या फुटणार. पण इतकी वर्षं धिरडी उलथत हं हं करणारी बाई ती. त्यांनी डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "आजी, मी त्याच बाजूची आहे. लेकीला काही निरोप द्यायचाय का?"

म्हातारीने गोधडीची कड दुमडली, उलगडली.

"सांगा तिला, मी काही वाट बघत नाही," ती म्हणाली. "उगाच मन लावून घेते ती. म्हणावं, श्राद्धं नीट कर."

मग तिने जाऊबाईंचा वाडगा उचलला आणि सुनेला तो पुन्हा भरायला सांगितला. पाहुण्याला एकच वाडगा वाढायचा नसतो.

"सांगते," जाऊबाई म्हणाल्या, आणि भरलेला वाडगा आईकडून दोन्ही हातांनी घेतला, परक्या घरी घेतात तसा.